दारातली जागा

आमच्या आष्ट्याच्या शाळेत मुलांचं उन्हाळी शिबिर भरलं, ते १९६३ च्या मे महिन्यात. सकाळी आठ ते दुपारी चार. चाळीस मुलं, मी एकटा मास्तर, पाण्या-दुधाला भामाबाई आणि कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली, कुणी न बोलावलेली धोंडुबाई.

पहिल्या दिवशी वाटलं, नातीला सोडायला आली असेल, जाईल. ती गेली नाही. कवायत संपली, गाणी झाली, मुलं मातीचे बैल करायला बसली, तरी म्हातारी तिथंच. चोरावर ठेवावी तशी माझ्यावर नजर. मला राग यायचा. माझ्याविरुद्ध अर्ज करायला हिला कुणीतरी बसवलंय, अशीही शंका माझ्या डोक्यात घुसली.

तिसऱ्या दिवशी भामाबाई मुलांच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतत होती, तेव्हा ती कुंपणाला येऊन भिडली.

"आवं मास्तर, ह्ये वरनं पानी वतायचं समद्यास्नी हाय, का आमच्याच पोरीला?"

"सगळ्यांना. चाळीस पेले आणू कुठून?" मी फटकन म्हणालो.

ती हलली नाही. पाटलांच्या नातवाच्या ओंजळीतही वरूनच धार पडली, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कुठे लिंबाखाली परतली. समाधान झालेलं काही दिसलं नाही.

त्या संध्याकाळी भामाबाईनं मला सांगितलं. धोंडुबाईच्या घरानं सात वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याच साली जन्मलेल्या नातीचं नाव गौतमी ठेवलं. पण त्याआधी, धोंडुबाईचा मुलगा धनाजी याच शाळेत शिकला तो दारात, पोत्यावर बसून. त्याला आत घेत नसत. मी ऐकलं, हळहळलो आणि घरी जाऊन जेवलो.

पाचव्या दिवशी दूध पिऊन झालं, मी गोष्ट सांगायला घेतली आणि धोंडुबाई तरातरा आत आली.

"पाच दीस बघतीया मी! समदी पोरं आत आन माजी एकटी दारात. हिच्या बापालाबी हितंच बसवला व्हता. ऊठ गं गौतमे, चल घरला. पुन्यांदा हितं पाय ठिवायचा न्हाई."

माझे कान तापले. गौतमी रोज दारात बसायची हे खरं होतं. वाऱ्याला बसत असेल, असं मी धरून चाललो होतो. भामाबाईनं एवढं सांगितल्यावरही ते माझ्या ध्यानात आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

"तुला इथं कुणी बसवलं?" मी पोरीला विचारलं.

"कुनी न्हाई," गौतमी रडवेली झाली. "आतनं आजी दिसत न्हाई. ती हाय का गेली, त्ये बघाया लागतंय."

धोंडुबाईनं तिचा धरलेला हात सोडला आणि उंबऱ्यावरच बसकण मारली. 

"म्हंजी मीच बसवली म्हना की," ती म्हणाली. पोरीला न घेताच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कुणी नव्हतं. गौतमीनं दारातून दोन-तीनदा पाहिलं, मग मुकाट आत सरकून दोन मुलींच्या मध्ये बसली. मला मात्र खरं वाटेना. म्हातारी इतक्या सहजी सोडणारी नव्हती. मुलांना गाणं म्हणायला लावलं आणि शाळेच्या मागं जाऊन पाहिलं. भिंतीच्या सावलीत, भिंतीला कान लावून धोंडुबाई बसली होती.

"आजी, अजून विश्वास नाही?"

"न्हाई," ती बिनदिक्कत म्हणाली. मग हातानं मला गप्प केलं. "जरा ऐकू द्या. मघाधरनं कान लावलाय, पर समद्या पोरांत मिसळून गातीया, आमची कुठली त्येच वळकू यीना."

आणि पहिल्यांदाच ती माझ्याकडं बघून हसली.