जोडीतलं दुसरं घड्याळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, माझं मलाच माहीत नाही.

माझ्या मनगटावरचं घड्याळ लोक वळून बघतात. पाणबुड्यांचं, परदेशी. काय देखणं आहे म्हणून सांगू! काळी तबकडी, भोवती फिरणारं कडं, अंधारात हिरवे चमकणारे काटे. आणि घालणारा मी — बाळकुमच्या खाडीत गुडघ्याच्या वर कधी गेलेलो नाही. पाण्यात उतरायचा तो माझा दादा. गढूळ पाण्यात बुडी मारून चिखलात अडकलेलं जाळं नुसत्या बोटांनी सोडवून आणायचा. काठावर माझाच जीव वर-खाली व्हायचा.

जमीन बिल्डरला गेली तेव्हा घरात मोठ्या तोंडाने मीच जाहीर केलेलं — दोघा भावांना सारखी घड्याळं घेतो, जोडी! ठाण्याच्या दुकानात भारीतलं हातात घेतलं. मग शेजारचं स्वस्तातलं. दिसायला अगदी तसंच. दुकानदार म्हणाला, पाण्यात दोन्ही टिकतात. झालं, माझं मन तिथेच आखडलं. दादाला काय कळणार? एक हे घेतलं, एक ते. घरी येऊन सांगितलं, कंपनी एकच, नावं दोन. त्याने घड्याळ कपाळाला लावलं. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालेलं मला?

पुढे त्याच्या मुलीचा, पल्लवीचा साखरपुडा. मुलाकडची मंडळी आंबिवलीची. आमच्यात जावयाच्या हातात घड्याळ बांधायची पद्धत. नवं आण म्हटलं तर दादा ऐकेना — भावाने दिलंय तेच बांधणार, याच्याहून भारी कुठे मिळणार? माईकवरून सांगितलं त्याने तसं. मुलाच्या मामाने मोबाईलवर किंमत बघितली आणि हसला. हॉलभर कुजबुज. दादाने बिनधास्त माझ्याकडे बोट केलं, "अरे, ह्याला विचारा ना!"

सगळे माझ्याकडे बघतायत. आणि मी — मी म्हटलं, "मी दिलेलं हे नव्हे."

दादाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. सगळं कळलं त्याला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "त्याचं बरोबर हाय. ते माझ्याच हातनं खाडीत पडलं. लाजेनं तसलंच दुसरं घेतलं."

खाडीत? लोकांचं हरवलेलं ज्याने आयुष्यभर खाडीतून काढून दिलं, त्याच्या हातून? पण गावाला तेवढंही सुचलं नाही. विकून खाल्लं असणार, म्हणाले. असा माणूस मी दुसरा बघितलेला नाही — भाऊ म्हणून नाही सांगत. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. उलट खाडीत चिंबोऱ्या मिळाल्या की पहिल्या माझ्या घरी पाठवतो. मी त्या खातो.

लग्न झालं. पल्लवीला सासरी अजून टोमणे मिळतात, ती बापाशी धड बोलत नाही. या गणपतीत माझ्याकडे आलेली. रडतच म्हणाली, "काका, बाबांनी तुमचं घड्याळ विकलं का हो खरंच?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घड्याळ त्याच हातात होतं.

म्हटलं, "जाऊ दे गं. बाप आहे तुझा. माफ कर त्याला."