मुरमाखालचा आवाज

कुणी आभार मानले की बाई पदराला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "मी काय केलं त्यात?" कर्जतच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांच्यावर भाषण सुरू केलं, तर या मधेच उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेल्या. सत्काराची शाल मीच त्यांच्या घरी नेऊन दिली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्याआधी कधीतरी मी सहावीच्या मुलांना गावाबाहेरच्या पाझर तलावावर नेलं होतं. मी इतिहास शिकवायचो. "हा बांध बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी बांधला," एवढं सांगून मी थांबलो. पुस्तकात एवढंच होतं. बाई सोबत होत्या. मुलं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "आमी हुतो की सर हितं. मी अन् माझी थोरली बहीन."

बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. बायका मुरूम खणत होत्या, गडीमाणसं लांब टँकरवर पाण्याला गेलेली. वरची दरड सुटली आणि तिघी गाडल्या गेल्या. त्यांत बहीण होती.

"एकीकडं बहिनीचा हात दिसत हुता. दुसरीकडनं आवाज येत हुता, मातीखालून."

"मग?"

"आवाज येत हुता तिकडं गेले."

त्यांनी नुसत्या हातांनी उकरलं. बोटांची नखं गेली. दोघी जिवंत निघाल्या. मग बाई बहिणीकडं वळल्या. "हात ऊन हुता तिचा अजून," बाई म्हणाल्या. वर्गाचं छप्पर गळतंय हे सांगावं, तशा आवाजात. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कामावर गेल्या.

बांधावर एक पाटी लावू या, असं मी म्हणालो. "बहिनीचं नाव लिवा. माझं नगं." मी कचेरीत दोन अर्ज दिले. उत्तर आलं नाही. तिसरा मी दिला नाही.

मागच्या वर्षी बाई गेल्या. मला रडू आलं नाही. दहाव्याला एक म्हातारी एकटीच एसटीनं आली आणि माझ्याशेजारी बसली. फोटोकडं बघत म्हणाली, "मला हिनं काढलं मुरमातनं."

"नंतर भेटला होतात का कधी त्यांना?"

"न्हाई. मिरजगावला ऱ्हाते, लई लांब न्हाई. पन काय तोंड घिऊन येनार? माझ्यापायी तिची बहीन गेली."

बाईंनी तिला काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत होतं: "आवाज येत हुता तिकडं गेले." मी सांगायला हवं होतं. मी तिला पानावर बसवलं.

ती जेवली. हात धुऊन तिनं विचारलं, "मिरजगावची गाडी कितीला हाय?"

"सव्वाचारला."

मी तिला स्टँडवर घेऊन गेलो. गाडी उशिरा आली. तोवर आम्ही दोघं बाकड्यावर बसून होतो.