सड्यावरचं गवत मोजलं तेव्हा

कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर बॉक्साईटची खाण निघणार होती. त्याआधी ती जमीन कशाच्या उपयोगाची आहे, तिच्यावर गवत किती येतं, याचा अहवाल द्यायचं काम आमच्या कार्यालयाला मिळालं आणि ते माझ्याकडं आलं. मी मुरगूडची, उसाच्या काळ्या रानात वाढलेली. शेतकीची पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते.

आम्ही वर गेलो तो मे महिना. जांभ्याचा कातळ चपलेतून चटके देत होता. मीटरभराची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं, पिशवीत भरून वजनाला न्यायचं. कितीतरी चौकटींत कापण्यासारखं काही नव्हतंच. पहार मारली की वीतभर मातीखाली खणकन दगड लागायचा.

सड्याच्या कडेला धनगरांची चार घरं होती. तिथली साठीला आलेली एक बाई बराच वेळ माझ्याकडं बघत उभी होती.

"काय हुडकायलीस गं पोरी?"

"गवत मोजतेय, मावशी."

ती मोठ्यानं हसली. "आत्ता? आत्ता कुठलं गवत? श्रावणात ये की. म्हशीचं पाय दिसत न्हाईत एवढं असतंय. मिरगाच्या पावसापास्नं दिवाळीपतोर जनावरं दुसरं काय खात न्हाईत."

मला घरात नेऊन तिनं माळ्यावरून गेल्या सालच्या वाळल्या गवताची पेंढी काढली आणि माझ्या हातात दिली. तिला अजून गोडसर वास होता. गोठ्यात अकरा म्हशी होत्या. प्रत्येकीला हाक मारून तिनं मला ओळख करून दिली.

मी शेऱ्यात लिहिलं, 'वर्षातले पाच महिने चराई. पावसाळ्यात पुन्हा मोजणी करावी.' साहेबांनी ते वाचलं.

"मोजलंय तेवढं लिहा, ऐकलेलं नको," ते म्हणाले. "पाऊस पडेपर्यंत अहवाल थांबणार आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. शेऱ्यावर रेघ मारली. जमिनीचा प्रकार पडीक, उत्पादन नगण्य, असं लिहून खाली सही केली.

पुढं गावातल्या शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. अहवाल वाचून दाखवत असतानाच मागच्या रांगेतून ती बाई उठली.

"पडीक कशाला म्हंतासा? ती बघा, फुडं बसलीया ती. माझ्या घरात येऊन गवत हातात घेतलंय तिनं. इचारा की तिला!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उभी राहिले.

"मोजणी मे महिन्यात झाली होती," मी म्हणाले.

"आनी?" तिनं विचारलं.

मी खाली बसले. माझं वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

खाण सुरू झाली. वर्षभरात मी ती नोकरी सोडली, पण त्यानं काही फिटलं नाही. तीन वर्षांनी, दसरा झाल्यावर एकटीच वर गेले. न खोदलेल्या पट्ट्यात गवत मांडीला लागत होतं, वाऱ्यावर लवत होतं. त्याला लागूनच तांबडा खड्डा होता. त्याचा दुसरा काठ धुळीत दिसत नव्हता.

बाई घराच्या उंबऱ्यावर बसली होती. गोठा रिकामा होता.

"वळखलं मी तुला," ती म्हणाली.

"मावशी, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय. पायजे हुतं."

ती रागानं म्हणाली नाही आणि मला समजावलंही नाही. मी म्हशींचं विचारलं. चारायला लांब न्यायचं तिच्यानं होईना, म्हणून एकेक करून देऊन टाकल्या, असं तिनं सांगितलं. शेवटची गेली त्या दिवशी ती घरात थांबलीच नव्हती.

"च्या घे. कोराच हाय, दूध न्हाय."

आम्ही दोघी उंबऱ्यावरच बसून चहा प्यायलो. खाणीकडून भोंगा वाजला. सुरुंगाची वेळ झाली होती. तिनं कप उचलले, मला आत बोलावलं आणि धूळ येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.