तज्ज्ञ नसलेले सर

समोर बसून सर तोंडापुढे जुनी एक्स-रे फिल्म धरायचे, ओठ वाचून कोणी फसवू नये म्हणून. मग हळूच म्हणायचे, "पऱ्हाटी." तुम्हीही पऱ्हाटी म्हटलंत तर पुढचा शब्द. नुसतेच बघत राहिलात तर फिल्म खाली. "बसा बावा, आपल्याले वेळच वेळ हाये."

आर्वीच्या एस.टी. डेपोसमोर, एका संस्थेच्या खोलीत ते कान तपासायचे आणि अडखळणाऱ्या, बोबड्या मुलांना बोलतं करायचे. कारंज्याच्या हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर यायचे, घरादाराला ओरडायची सवय लावलेले म्हातारे यायचे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते न कंटाळता प्रत्येकाला सांगत, "डॉक्टर मंगळवारी येते. मी तज्ज्ञ नाई. मले सूट हाये."

सूट म्हणजे सुटी नव्हे, परवान्यातून सवलत; तिचा कागद भिंतीवर टांगलेला होता. डिग्री नव्हती, पण परवान्याचा नियम आला तेव्हा हे काम करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. अशा जुन्या माणसांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावं, परवाना नको. फक्त स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, एवढी अट. ती ते उपासासारखी पाळायचे.

माणूस एकटा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. शेजारीच माझं फ्लेक्सचं दुकान. संध्याकाळी चहाला यायचे आणि गप्प बसायचे. एकदा मी विचारलं, एवढं गप्प काऊन? म्हणाले, "दिवसभर एकच शब्द शंभर खेपा म्हनतो. घरी गेलो का म्हनाले कोनी नाई, आन आयकाले कोनी नाई."

आता माझा पराक्रम ऐका. माझ्या दुकानातून कोणी साधा माणूस म्हणून बाहेर पडत नाही, हे तुम्ही चौकात पाहिलंच असेल. पहिल्या वाढदिवसाचं बाळसुद्धा 'भावी नेतृत्व' असतं. सरांनी आष्टीच्या बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवली आणि मजकूर दिला: 'कान तपासणी. मदतनीस हजर राहतील.' तो वाचून मलाच लाज वाटली. मी पदरचा बारा फुटी फ्लेक्स छापला. मधे त्यांचा फोटो, मागे सोनेरी किरणं, खाली 'सुप्रसिद्ध वाचा व श्रवणतज्ज्ञ'. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन स्वतः बांधला.

ते बसमधून उतरले. वाचलं. त्यांना घाई करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सोड. पयले सोड ते."

मी गाठी सोडेपर्यंत चार-पाच जणांनी फोटो काढले होते. सगळ्यात चांगला माझा आला होता, आणि तो मी आधीच ग्रुपवर टाकला होता.

पंधरा दिवसांत पत्र आलं. सूट रद्द. मी जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो, चूक माझी म्हणालो. साहेबांनी मोबाइलवर मला मीच टाकलेला फोटो दाखवला. "प्रत्येकाचा एक फ्लेक्सवाला येतो," ते म्हणाले, "चूक माझी म्हणायला."

परत येऊन सरांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तू वाईट लिहिलं असतं, तं भांडलो तरी असतो."

त्यानंतर ते चहाला आले नाहीत. आया मुलांना घेऊन त्यांच्या घरी जात. ते दारातूनच सांगत, "मंगळवारी डॉक्टरले दाखवा," आणि दार लावून घेत. एके दिवशी त्या दाराला कुलूप दिसलं. पुतण्याकडे अमरावतीला गेले म्हणतात. फोन लागत नाही.

गेल्या सोमवारी आष्टीकडची एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली.

"सर कुठी गेले जी? पोरीचं अर्धंच झालं होतं."

माहीत नाही, म्हणालो. सहा-सात वर्षांची मुलगी. इथंही बोलून दाखवायचं असतं असं तिला वाटलं असावं. माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "पाखरू."

मग पुढच्या शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बरोबर होतं, की 'र' अजून कच्चा होता, मला काही कळेना. मी मान डोलावली.

तिनं आईकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, "पाखरू."