पुठ्ठ्यावरचा मुहावरा

कळंबात मला 'इंग्लिशवाल्या मॅडम' म्हणतात. पूर्वी कुणी अशी हाक मारली की मान आपोआप ताठ व्हायची. आता मी पदर सावरायचं निमित्त करते आणि खाली बघते.

आमच्या पुढच्या खोलीत बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि भिंतीला एक फळा. तिथं मी इंग्रजी बोलायचा क्लास घेते. माझं स्वतःचं इंग्रजी कुठून आलं म्हणाल, तर कुर्डुवाडीच्या फलाटावरून. गाडी लेट होती, वेळ जाता जाईना, म्हणून ठेल्यावरचं एक पुस्तक उचललं. हिंदी बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी मुहावरे. आपण त्यांना वाक्प्रचार म्हणतो, पण मी पुस्तकापासून मुहावरेच म्हणायला लागले, कारण तो शब्द तोंडात कसा भरल्यासारखा वाटतो. मराठीत तसलं पुस्तक ठेल्यावर नव्हतं. आणि हिंदीला आम्ही काय घाबरतो? निजामाच्या मुलखातली माणसं आम्ही, बाजारात अर्धी बोली तीच.

पुस्तकात डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला हिंदीत अर्थ. बस्स. कधी म्हणायचं, कुणापुढं म्हणायचं, याबद्दल चकार शब्द नाही. मला तेव्हा ते कमी आहे असं वाटलंच नाही. गहू निवडताना, भांडी घासताना मी सगळं पुस्तक घोकून काढलं. सोपं काम म्हणजे 'पीस ऑफ केक'. तब्येत नरम असली की 'अंडर द वेदर'. क्लासमधली पोरं दांडी मारली की 'अंडर द वेदर होतो' अशी चिठ्ठी आणायची आणि मी खूश होऊन माफ करायची. बिनमुहावऱ्याचं इंग्लिश म्हणजे बिनफोडणीची आमटी, हे माझं ठरलेलं वाक्य. चव कुणाच्या जिभेला कशी लागते याचा पत्ता नसलेली बाई फोडणीच्या गप्पा मारत होती!

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. मार्केट यार्डात मापाडी होता. दोन वर्षांपूर्वी ऐन तुरीच्या हंगामात, काट्यापाशी उभ्याउभ्या त्याच्या छातीत कळ आली. बार्शीला न्यायचं ठरलं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, इथल्याच एका लहान दवाखान्यात नर्स. जीपमध्ये मागच्या सीटवर त्याला आडवं घातलं आणि ती गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबत राहिली. मी पुढं बसले होते. मागं वळून बघायची हिंमत मला झाली नाही, फक्त तिचं मोजणं ऐकू येत होतं. बार्शीच्या डॉक्टरांनी तिचे हात धरून बाजूला केले तेव्हा ती थांबली.

पुढं दीडेक वर्षानं पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सेसच्या जागा निघाल्या. राहायला क्वार्टर, पोरीला जवळच शाळा. भावजयीची पोरगी आठवीत, हुशार. भावजय परंड्याकडची, सोनारीची; बोलणं कमी, काम चोख. ती फॉर्म घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "वन्सं, हे जमलं तर पोरीचं भलं हुईल. मुलाखत इंग्लिशमधून हाय. तेवढं तुम्ही बघा."

मुलाखत लॅपटॉपवर होणार होती. हे कळल्याबरोबर माझ्या डोक्यात काय आलं असेल? कॉपी.

हसू नका. आमच्या भागात दहावीची परीक्षा म्हणजे घरच्यांचीही परीक्षा असायची. आत एक जण पेपर लिहितोय आणि बाहेर खिडक्यांना सगळं घरदार लटकलंय. माझ्या गणिताच्या पेपरला हा भाऊच लिंबाच्या झाडावर चढला होता आणि दगडाला गुंडाळून त्यानं चिठ्ठी आत टाकली होती. पोलिसानं खाली ओढून पोटरीवर काठी हाणली. महिनाभर वळ होता. मी काठावर पास झाले, आणि तो वळ दाखवून आयुष्यभर माझ्याकडून चहा उकळत राहिला. म्हणून कॉपी पुरवणं मला कधी पाप वाटलं नाही. ते नात्यातलं काम वाटायचं. त्यानं मला चिठ्ठी टाकली, आता त्याच्या बायकोला मी टाकणार, एवढा सरळ हिशेब.

साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. जाड मार्करनं एकेकावर एकेक मुहावरा लिहिला, देवनागरीतच, म्हणजे तिला झटकन वाचता यावा. लॅपटॉपच्या मागं मी पाटावर बसणार आणि प्रश्न ऐकून पुठ्ठा वर धरणार. ती म्हणाली, "वन्सं, मला जसं येतं तसं बोलू द्या की." मी फटकारलं, "तसं बोलून कोण घेतंय तुला? पुण्याच्या पोरींपुढं उभी राहणार आहेस." ती पुठ्ठे रचून ठेवायला लागली. माझ्यापुढं ती नेहमी गप्पच बसायची.

लॅपटॉप चालू करून देताना पडद्यावर तिघं दिसले. एक डॉक्टर, एक ऑफिसातला माणूस आणि चष्मेवाल्या मेट्रनबाई. रात्रपाळी चालेल का, असं विचारलं. मी पुठ्ठा धरला. "नाइट ड्यूटी इज पीस ऑफ केक, सर." आवाजावरून तिघं हसल्याचं मला कळलं. मी मनात म्हणाले, छाप पडली!

मग मेट्रनबाईंनी विचारलं, कधी एकटीनं इमर्जन्सी सांभाळली आहे का?

भावजय क्षणभर थांबली. मग पुठ्ठ्यांकडं न बघताच बोलायला लागली. मोडकं बोलली, पण खरं बोलली. "माय हजबंड. हार्ट अटॅक. नो डॉक्टर. ओन्ली मी. फ्रॉम कळंब टू बार्शी आय प्रेस हिज चेस्ट. नो स्टॉप. आय काउंट, काउंट, काउंट." पलीकडं एकदम शांत झालं. आता मला कळतं की नोकरी तिला त्याच क्षणी लागली होती. मी नुसती हातावर हात ठेवून बसले असते तरी पुरं होतं.

पण ती अडखळली. "अँड देन," म्हणाली, आणि ओठ मिटले. आणि मी, दीडशहाणी, पुठ्ठे चाळायला लागले. 'डाइड' मला नको होतं. फार उघडं वाटायचं ते, माझ्या भावासाठी तो शब्द मला सोसायचा नाही. पुस्तकात एका मुहावऱ्यासमोर लिहिलं होतं 'चल बसना'. मला तो अर्थ लई मायेचा वाटला होता, जणू माणूस उठला आणि पलीकडं जाऊन बसला. तो पुठ्ठा मी वर धरला. ती बघेना, म्हणून हलवला.

तिनं वाचलं. "अँड देन माय हजबंड किक्ड द बकेट."

ऑफिसातल्या माणसाला हसू आवरलं नाही, खोकल्यासारखा आवाज आला. डॉक्टर घाईघाईनं "ओके, ओके" म्हणाले. आणखी दोन प्रश्न झाले आणि संपलं. मी उठून तिच्या पाठीवर थाप मारली. "झकास बोललीस!"

चार दिवसांनी नकार आला. ती मोबाईल हातात घेऊन माझ्या दारात उभी होती, आणि मी काय म्हणावं? म्हणाले, "आवाज लई बारीक काढलास. मान खाली. किती वेळा सांगितलं होतं?"

"चुकलं, वन्सं," ती म्हणाली. म्हणजे घाण मी केली आणि माफी तिनं मागितली. पण तेव्हा मला तेवढंही ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं दिवाळीत. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता बेंगळुरात नोकरीला असलेली, पेढे घेऊन आली. क्लास चालू होता. फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट'. ती वाचून खुदकन हसली, आणि मी हसत नाही हे बघून तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, हे टवाळीत म्हणतात. आपल्याकडं गचकला म्हणतात ना, तसं. घरच्या माणसाला न्हाई म्हणत कुणी."

पुण्याची मुलाखत डोळ्यांपुढं आली. आणि त्यातही माझं तोंड बघा! म्हणाले, "अगं, माहीत आहे मला. चूक ओळखा म्हणून मुद्दाम लिहिलंय." पोरीनं मान डोलावली. तिला खोटं कळलं होतं. तरी तिनं जाताना वाकून नमस्कार केला, आणि मी तो करून घेतला.

त्या दिवशी मी फळा पाण्यानं पुसला. पुठ्ठे चुलीत घातले. भावजयीला सांगायचं ठरवलं, उद्या. मग म्हटलं, भाऊबीज होऊ दे, आधीच हिरमुसली आहे. मग म्हटलं, येळवस होऊ दे. मग संक्रांत. सण काय, एक संपला की दुसरा तयारच असतो. चांगले तीन महिने मी तिच्या हातचा चहा पीत राहिले आणि तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर तिच्या दुःखाची काळजी मला नव्हतीच. 'वन्संना सगळं येतं' असं वाटणारं कळंबात एक तरी माणूस शिल्लक राहावं, एवढीच धडपड होती.

मग एक दिवस भाची शाळेची वही नाचवत आली. इंग्रजी निबंध, 'माय फादर'. तिसरीच ओळ: 'ही किक्ड द बकेट व्हेन आय वॉज इन सिक्स्थ.' खाली सरांनी लाल शाईनं 'गुड' लिहिलं होतं.

"आत्या, आईनं सांगितलं हे वाक्य. तुमचंच हाय ना?" पोरगी कौतुकानं विचारत होती.

त्याच आठवड्यात भावजयीला सोलापूरच्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं होतं. गुरुवारी लॅपटॉपवरच मुलाखत. आता तोंड शिवून बसले असते तर ती तेच पुन्हा म्हणाली असती. मी वही घेऊन तिच्या घरी गेले. ती ड्यूटीवरून येऊन अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी सांगायला लागले. पण सांगणं कसलं, फिरवाफिरवी! ते वाक्य जरासं हलकं आहे, म्हणजे चेष्टेत वापरतात, म्हणजे तसं अगदी वाईट नाही.

"मराठीत काय म्हणले म्या?" तिनं विचारलं.

"अगं, तसं नेमकं सांगता येणार नाही..."

"शब्द सांगा, वन्सं."

समोरच्या भिंतीवर भावाचा फोटो. हार चढवलेला. मी सांगितलं, "गचकला."

तो शब्द मी माझ्या तोंडानं, माझ्या भावासाठी उच्चारला. तिचे हात भाजीतच थांबले. मग म्हणाली, "कवा कळलं तुम्हाला?"

"दिवाळीत."

"तीन महिने." तिनं अंबाडीचा देठ मोडला. "आन् म्या समजत हुते माझा आवाज बारीक. ड्यूटीवरून येताना कॅनॉलच्या रस्त्यानं रोज एकटीच मोठ्यानं बोलत येते. लोक येडी म्हणत्यात. आवाज मोठा व्हावा म्हणून."

ती रडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं वही ओढून घेतली, ती ओळ खोडली, वर 'डाइड' लिहिलं आणि पोरीला हाक मारून म्हणाली, "हे असं असतंय." माझं नाव घेतलं नाही.

गुरुवारी लॅपटॉप चालू करून दिला आणि मी बाहेर निघाले. उंबऱ्यापाशी होते तेव्हा तिनं थांबवलं. "बसा, वन्सं. फकस्त हात मांडीखाली ठेवा."

कॉपी करताना सापडलेल्या पोराला मास्तर असंच बसवतात. पन्नाशीला आलेली मी, त्याच पाटावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

त्यांनीही तोच प्रश्न विचारला. कोण न विचारेल? तिनं सगळं सांगितलं, जीप, छाती, मोजणं. "अँड देन" म्हणून परत अडखळली. माझी बोटं मांडीखाली वळवळली. मी दात दाबून बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, "माय हजबंड डाइड." आवाज बारीकच होता.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "आय अॅम सॉरी, सिस्टर." आणि भावजय रडली. भावाच्या तेराव्यालासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

सोलापूरची ऑर्डर पंधरा दिवसांत आली. मायलेकी आता तिकडंच असतात. फोन येतो, माझी खुशाली विचारते, एका शब्दानं टोचत नाही. पण मला त्या पहिल्या मुलाखतीतलं खोकल्यासारखं हसू आठवतं. तिथंही कुणीतरी तिला सॉरी म्हणालं असतं. मेट्रनबाई नक्की म्हणाल्या असत्या. मी त्यांना म्हणू दिलं नाही.

त्या गुरुवारी मुलाखत संपली तेव्हा माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. तिनं डोळे पुसले, लॅपटॉप मिटला आणि "उठा आता" म्हणाली. तोवर मी हात बाहेर काढले नाहीत.