आळ्यातली लेंडी

आपल्या हातून चूक झाली आहे, हे बानाबाईंना पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी कळले. गावच्या पाणलोट समितीचे अध्यक्ष नानासाहेब त्यांच्या ओट्यावर बसून दिल्लीहून आलेला फॉर्म वाचून दाखवत होते. झाडे किती लावली, किती जगली, दगडी बांध शाबूत आहे का, असे एकेक करत ते सातव्या रकान्यावर आले.

"चराई झाली का, जनावरांच्या विष्ठेच्या खुणा पाहून. हो किंवा नाही." नानासाहेबांनी चष्मा वर केला. "इथं 'नाही'वर खूण पाहिजे. एवढं झालं की गायरान उघडलं समज."

बानाबाई म्हणाल्या, "आन् लेंडी असली तर?"

"कुठली लेंडी?"

"खताची. मी टाकलीय. सगळ्या झाडांना."

नानासाहेबांनी फॉर्मची घडी घातली. ती खिशात न ठेवता ते बराच वेळ तशीच हातात धरून बसले.

बानाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. देवगाव रंगारीहून उत्तरेला आठ किलोमीटरवर वीस-बावीस घरांची वाडी आहे, तिथे त्या राहतात. घर मेंढपाळाचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांच्या सासऱ्यांनी इथे मुक्काम टाकला तो वाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या चाळीस एकर गायरानामुळे. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. साठ मेंढ्यांचा कळप आता धाकटा दीर मल्हारी सांभाळतो.

तीन वर्षांपूर्वी हे गायरान पाणलोटाच्या कामात घेतले गेले. खर्चाचा मोठा वाटा दिल्लीचा, उरलेला राज्याचा. सपाट भागात झाडे लावायची, उतारावर गवत वाढू द्यायचे, आणि तीन वर्षे एकही जनावर आत सोडायचे नाही. ही शेवटची अट दिल्लीची. राखण गावातल्याच माणसाने करावी, ही अट राज्याची. नानासाहेबांनी दोन्ही अटी एकत्र जुळवल्या आणि राखणीला धनगराचीच बाई नेमली. तिच्यासमोर तिचा दीर मेंढ्या आत घालणार नाही, असा त्यांचा हिशोब. गावात लोक म्हणाले, चोराच्या हाती किल्ल्या दिल्या.

किल्ल्या नीट सांभाळल्या गेल्या. मल्हारी तीन वर्षे कळप घेऊन फर्दापूरकडच्या डोंगराखाली फिरत राहिला. वर्षातले नऊ महिने घर नाही. त्याचा उजवा गुडघा सुजतो आणि वन खात्याची माणसे त्याला कुठेही दोन दिवसांवर टिकू देत नाहीत. होळीला घरी आला तेव्हा तो म्हणाला होता, "वयनी, यंदा गायरान उघडलं नाय तर करमाडच्या बाजारात सगळी मेंढरं उभी करतो. माझ्यानं आता हुत नाय."

उघडायचे तर संयुक्त पाहणी हवी. दिल्लीचा माणूस आणि राज्याचा माणूस एकाच दिवशी, एकाच जागी उभे राहून सही करणार. पहिल्या तारखेला दिल्लीचे साहेब आले नाहीत. दुसऱ्या तारखेला ते आले, पण राज्याच्या कृषी खात्याचे सांडू साहेब निवडणुकीच्या कामावर होते. उद्याची तारीख तिसरी होती.

आणि एक हजार सहाशे चाळीस आळ्यांत मेंढ्यांची लेंडी पडलेली होती.

बानाबाईंनी ती यंदाच्या फाल्गुनात टाकली. दुसऱ्या वर्षापासून करंज आणि सिसूची पाने पिवळी पडू लागली होती. पाण्याचा टँकर महिन्यातून दोनदा यायचा, खताबद्दल कोणी काही बोलत नव्हते. मेंढपाळाच्या घरात खताला दुसरा अर्थ नसतो. उन्हाळ्यात शेतकरी कळपाला बोलावून आपल्या रिकाम्या रानात रात्रभर बसवतात ते लेंडीसाठीच. एकदा बसवले की तीन पिके ताकद टिकते, हे बानाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. घरामागे गेल्या वर्षाचा ढीग होता. पाटीने वाहून त्यांनी दर आळ्यात दोन ओंजळी टाकल्या. चाळीस दिवस लागले. पाने हिरवी झाली. कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे त्यांना वाटले नाही.

नानासाहेब गेल्यावर त्या घमेले घेऊन गायरानात गेल्या. साहेबांची गाडी जिथे थांबते तिथल्या पहिल्या ओळीतून लेंडी वेचायला लागल्या. शेजारची साळूबाई सरपण घेऊन चालली होती.

"काय गं बाने, मोती येचती का?"

"तुज्या शेळ्यांचे दात येचते."

साळूबाई हसली नाही. भाद्रपदात तिच्या दोन शेळ्या बांधाच्या पडक्या जागेतून आत शिरल्या होत्या आणि ओढ्याकडच्या ओळीतली अकरा झाडे त्यांनी शेंड्यापासून खाल्ली होती. बानाबाईंनी त्या हुसकल्या, खिंडार दगडांनी बुजवले आणि ही गोष्ट दोघींतच राहिली.

"शेळ्यांचं काढू नको आता," साळूबाई जाता जाता म्हणाली. "कुणी विचारल्याबिगर सांगू बी नको."

दोन ओळी साफ झाल्या. मग बानाबाई उभ्या राहून पाहू लागल्या. सगळीकडची माती कडक होती आणि या ऐंशी आळ्यांतली तेवढी उकरलेली दिसत होती. काहीतरी लपवले आहे हे गाडीतून उतरतानाच कोणालाही कळले असते. त्यांनी घमेल्यातली लेंडी परत आळ्यांत टाकली, वरून पाय दाबला आणि घरी आल्या. संध्याकाळी मल्हारीचा फोन आला. उद्या साहेब येणार का, एवढेच त्याने विचारले. व्हय, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी साडेदहाला जीप आली. दिल्लीचे साहेब चाळिशीचे, टोपी घातलेले, हातात टॅब. सांडू साहेबांच्या हातात फायली. नानासाहेब दोघांच्या मध्ये चालत होते आणि बांध दाखवत होते. बानाबाई दहा पावले मागे.

तिसऱ्या ओळीत दिल्लीचे साहेब खाली बसले. आळ्यातून एक लेंडी उचलून त्यांनी तळहातावर घेतली.

"ये क्या है?"

त्यांनी पुढचे आळे पाहिले, मग त्यापुढचे. फोटो घेतला. "यहाँ तो पूरी चराई हुई है."

"साहेब, खत है वो," सांडू साहेब म्हणाले. त्यांनाही ते त्याच क्षणी कळले होते. मागे बानाबाईंनी मान हलवली, त्यावरून त्यांनी ओळखले.

"खत का कॉलम कहाँ है?"

"आमच्या फॉर्ममध्ये आहे. हे बघा, खताचा प्रकार."

"और चराई का?"

सांडू साहेबांनी फाइल उलटीसुलटी केली. राज्याच्या फॉर्मवर खताचा रकाना होता, चराईचा नव्हता. दिल्लीच्या टॅबवर चराईचा होता, खताचा नव्हता. एकाच गायरानासाठी दोन सरकारांनी मिळून काढलेल्या कामाचे हे दोन कागद आजवर कोणी शेजारी ठेवून वाचले नसावेत.

"आप अपने में लिखिए," दिल्लीचे साहेब म्हणाले. "मुझे जो दिखेगा, मैं वो लिखूँगा."

तेव्हा बानाबाई पुढे आल्या. बाजारात लोकर विकून विकून त्यांना कामापुरते हिंदी येते.

"साब, मेंढरू चलते चलते लेंडी डालता. आळे में जाके, बैठके, मोजके दो ओंजळ नै डालता."

नानासाहेबांनी डोळे मिटून घेतले. सांडू साहेब खोकले.

"ये बीच का जगा देखो," बानाबाई ओळींमधल्या गवताकडे बोट करत म्हणाल्या. "एक बी मिली तो मेरेकू काम से निकालो." मग त्यांनी एक लेंडी चिमटीत फोडली. आतून ती करड्या भुशासारखी होती. "ये साल भर पुरानी. ताजी ऐसी नै फुटती."

दिल्लीचे साहेब उठले आणि ओळींमधून चालू लागले. त्यांनी वीस जागा निवडल्या, प्रत्येक जागी गवत बाजूला करून पाहिले. अर्धा तास गेला. ऊन चढले होते. गवतात त्यांना सशाच्या चार लेंड्या आणि एक तुटलेली चप्पल मिळाली. चप्पल बानाबाईंचीच होती.

"ठीक है," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "माताजी, बस एक सवाल. तीन साल में एक भी जानवर अंदर नहीं आया?"

ओढ्याकडची ओळ तिथून दोनशे पावलांवर होती. अकरा बुंध्यांपैकी सहा पुन्हा फुटले होते, पण शेंड्यापासून नाही, बाजूने. खाल्लेले झाड कसे फुटते हे मेंढपाळाला कळते. या माणसाला कळते की नाही, हे बानाबाईंना माहीत नव्हते. नानासाहेब मागून हळूच म्हणाले, "नाही म्हण."

"दो शेळ्या आयी थी," बानाबाई म्हणाल्या. "भादव्यात. मैं निकाली. ग्यारा झाड खाये, छे फिर फूटे."

"किसकी थी?"

"शेळी के गले में नाव नै रैता साब."

दिल्लीचे साहेब प्रथमच हसले. हसत हसत त्यांनी टॅबवर बोट ठेवले आणि बोट तिथेच थांबले. तीन वर्षांत चराई झाली का, एवढाच प्रश्न होता. हो किंवा नाही. दोन शेळ्या आणि साठ मेंढ्या यांत त्या रकान्याला फरक करता येत नव्हता.

लिंबाखाली चहा आला. सांडू साहेब शंभर पावलांवरच्या टेकाडावर जाऊन वरच्या कचेरीला फोन करून आले. दिल्लीचे साहेब त्याच टेकाडावर जाऊन त्यांच्या कचेरीला फोन करून आले. मग दोघे शेजारी बसून कागद भरू लागले आणि पहिल्यांदाच एकमेकांचा फॉर्म वाचू लागले. अखेरीस टॅबवर 'हो' झाले. खाली शेरा पडला: अकरा झाडे, दोन शेळ्या, राखणदाराने स्वतः सांगितले. राज्याच्या फॉर्मवर खत, लेंडी, एक हजार सहाशे चाळीस आळी, अशी नोंद झाली. जगलेली झाडे शेकडा एक्क्याऐंशी, लागतात ऐंशी. दोन्ही कागदांवर दोघांनी सह्या केल्या.

"मग उघडलं का साहेब?" नानासाहेबांनी विचारले.

"नुसतं 'नाही' असतं तर आजच," सांडू साहेब म्हणाले. "'हो' आलं की दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत जातं. मी मांडतो, तेही मांडतील. होईल काम. पंचेचाळीस दिवस धरा."

"आन् तोवर?"

"तोवर बंदच, मावशी."

जीप गेल्यावर नानासाहेब बानाबाईंकडे न पाहता म्हणाले, "तुला जीभ दिली देवानं, तिला दावं दिलं नाय." आणि ते निघून गेले.

दुपारी मल्हारीचा फोन आला. मागे मेंढ्यांचा आवाज होता.

"उघडलं का वयनी?"

"सह्या झाल्या दोघांच्या."

"म्हंजी उघडलं."

"नाय अजून. पंचेचाळीस दिवस म्हन्ले."

बानाबाईंनी शेळ्यांचे सांगितले. आपण काय बोललो तेही सांगितले. शिवी येईल म्हणून त्या थांबल्या. शिवी आली नाही.

"वैशाख वद्य लागलंय," मल्हारी म्हणाला. तो मोजत होता. "देवगावच्या आप्पासाहेबानं रानात मेंढरं बसवायला बोलावलंय. ईस दिस तिथं निघतील. पुढं पेरनी. एकदा पेरलं की कोन उभं करतंय?"

"मंग?"

"पंचवीस दिस कमी पडत्यात." मग तो म्हणाला, "पाऊस लांबला तर पेरनी लांबंल. मंग निभंल. नाय तर करमाड."

वाडीत त्या दिवसांत जो तो आभाळाकडे पाहत होता. पाऊस उशिरा यावा असे वाटणारा माणूस बहुधा मल्हारी एकटाच. बानाबाईंनी त्याला हो म्हटले नाही. टँकर पंधरा दिवसांपूर्वी बंद झाला होता आणि ओढ्याकडच्या ओळीतली ती सहा झाडे माना टाकू लागली होती, त्यांच्या मागोमाग इतर ओळींतलीही. बैठकीआधी कोणी पुन्हा मोजायला आले आणि शेकडा आकडा ऐंशीच्या खाली गेलेला निघाला, तर पंचेचाळीस दिवसांचाही उपयोग नव्हता.

"वयनी, हाय का?"

"हाय."

"पाऊस लांबंल का, काय वाटतं?"

बानाबाईंनी दोन घागरी उचलल्या, फोन खांद्याशी दाबून धरला आणि त्या हापशाकडे चालू लागल्या. पाणी त्या सहा झाडांना घालायचे होते. मल्हारीही फोन ठेवत नव्हता.