माझा न धरलेला सोमवार

दुपारपासून डोकं चालंना, म्हणून इथं लिहितेय. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा.

आज शेजारच्या शहनाजआपांच्या लेकीचं लग्न होतं. आमच्यासारख्यांसाठी शाकाहारी जेवण वेगळं, आचारीपण वेगळा. मी पंगतीला बसले, तेवढ्यात आपा स्वतः शाबूच्या खिचडीची ताटली घेऊन आल्या. "ताई, आज सोमवार न्हाय का? तुमचा उपास माझ्या ध्यानात हाय."

अहो, मी सोमवार धरतच नाही!

बारा वर्षांपूर्वी आम्ही धाराशिवात राहायला आलो, तेव्हा आपांनी जेवायला बोलावलं होतं. खास माझ्यासाठी नव्या पातेल्यात वरण-भात केला होता. माझं मन धजलं नाही. "आज सोमवार, उपास आहे," म्हणून मी सुटले. नंतर त्यांनी कधी जेवायचा आग्रह केला नाही. चहा मात्र रोजचा.

आज शेजारी बसलेला नवरा काहीतरी बोलणार, तर मी त्याच्या पायावर पाय दिला. शेजारच्या ताटात जिलेबी, आणि मी मुकाट्यानं खिचडी खातेय. लग्नाच्या एवढ्या गडबडीत आपा माझं होईपर्यंत तिथंच उभ्या.

आपल्या शहरात सगळे कसे मिळून राहतात, हे पाहुण्यांना मीच कौतुकानं सांगते. आता मलाच कळंना. त्यांना माझा उपास खरा वाटतो, की बारा वर्षं त्याच माझं खोटं झाकतायत?

उद्या मंगळवार. लेक गेल्यानं आपांचं घर सुनं असेल. जाऊन म्हणू का, "आपा, भूक लागलीय, वरण-भात टाका"?